छत्तीस आठवडे आणि चार दिवस

गरोदरपणाचे पंधरा आठवडे पूर्ण. ब्लडप्रेशर ११०/७०, वजन ५४ किलो, हिमोग्लोबिन १०.२. लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या, पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीची तारीख सांगितली, फाइल मिटली. ती उठली, दारापर्यंत गेली, सासूबाईंना म्हणाली, "आई, तुम्ही रिक्षा बघा तोवर, मी आलेच." मग परत येऊन खुर्चीच्या टोकावर बसली आणि पर्समधून एक पट्टी काढून टेबलावर ठेवली.

"मॅडम, ही घेऊ का?"

मेडिकलच्या दुकानात 'किट' म्हणून मिळणारी पट्टी होती. चार गोळ्या: एक अ‍ॅझिथ्रोमायसिन, एक फ्लुकोनॅझोल, दोन सेक्निडॅझोल. नवऱ्यानं आणलेली. दुकानदाराला त्यानं "बायकोला पांढरं जातंय" एवढंच सांगितलं होतं. दिवस गेलेत हे सांगायचं राहिलं आणि दुकानदारानं विचारलं नाही. सुदैवानं तिनं एकही गोळी घेतली नव्हती. फ्लुकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध तोंडावाटे गरोदरपणात आम्ही टाळतो. बाकीच्या तीन गोळ्याही, नेमकं काय झालंय हे न बघता, एका दमात घेण्याचं काही कारण नव्हतं.

पुण्यात सिंहगड रोडला आनंदनगरमध्ये माझी ओपीडी आहे. हे प्रकरण तिच्या परवानगीनं लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वैद्यकीय तपशील बदललेले नाहीत.

वय २८, दुसरी खेप. नवरा चाकणच्या एका कारखान्यात, शिफ्टची नोकरी. ती स्वतः धायरीतल्या एका पतसंस्थेत काउंटरवर. मोठी मुलगी तीन वर्षांची. तिच्या वेळेला तेहतिसाव्या आठवड्यात, रात्री झोपेतच पाणी गेलं होतं. मुलगी १७०० ग्रॅमची झाली आणि सोळा दिवस पेटीत होती. त्या सोळा दिवसांचं वर्णन तिनं एका वाक्यात केलं: "काचेला हात लावून उभी राहायचे मॅडम, आत हात घालायला पण भीती वाटायची."

आधीच्या बाळंतपणाची फाइल मी मागवून घेतली. ते हॉस्पिटल कुठलं हे इथं महत्त्वाचं नाही. सव्वीस आठवड्यांच्या तपासणीच्या नोंदीत एक ओळ होती: व्हाइट डिस्चार्ज, नॉर्मल, धीर दिला. तेव्हा वास होता का, असं विचारलं तर ती म्हणाली, "होता की. पण मला म्हणाले, गरोदरपणात असं जातंच."

हे अर्धं खरं आहे, आणि म्हणूनच फसवं आहे. दिवस गेल्यावर योनीमार्गातला स्राव वाढतोच. पातळ, दुधट, वास नसलेला, खाज न आणणारा. तो निरोगीपणाचं लक्षण असतो. पण 'जातंच' म्हणून पुढचं काहीच विचारलं नाही, तर त्या एका शब्दाखाली तीन-चार वेगवेगळे आजार लपून राहतात. दह्याच्या कवड्यांसारखा घट्ट स्राव आणि जीव नकोसा करणारी खाज असेल तर बहुधा बुरशी, म्हणजे कँडिडा. हिरवट-पिवळा, फेसाळ असेल तर ट्रायकोमोनास हा परजीवी मनात यायला हवा. आणि पातळ, करडा-पांढरा, सगळीकडे सारखा पसरलेला, वास मारणारा, पण खाज-आग फारशी नसलेला असेल तर बॅक्टेरियल व्हजायनोसिस. आम्ही त्याला नुसतं बीव्ही म्हणतो.

तिच्या तक्रारीत खाज नव्हतीच. तक्रार वासाची होती. पतसंस्थेत काउंटरवर दोघी शेजारी बसतात, म्हणून तिनं मागच्या महिन्यात स्वतःहून आतल्या खोलीत हिशेबाचं काम मागून घेतलं होतं. काउंटरचा भत्ता गेला. घरी नवऱ्याजवळ झोपायचं टाळत होती. संबंधानंतर वास वाढतो हे तिच्या लक्षात आलं होतं आणि तिनं त्याचा अर्थ आपल्या परीनं लावला होता, की दोष आपल्यातच आहे. वीर्य अल्कधर्मी असतं आणि त्यामुळे वासाची द्रव्यं मोकळी होतात, इतकं साधं रसायनशास्त्र त्यामागे आहे. हे सांगितल्यावर तिनं पहिल्यांदा नीट श्वास घेतला, असं मला वाटलं.

आणखी एक गोष्ट विचारल्यावर कळली. पहिल्या बाळंतपणानंतर ती रोज अंघोळीच्या वेळी जंतुनाशक पाण्यात घालून आतून धूत होती. वास आला की दोनदा. स्वच्छतेच्या समजुतीनं केलेली ही गोष्ट बीव्हीला आमंत्रणच असते.

तपासणी

स्पेक्युलम, म्हणजे आत बघायचं साधन, घालून बघितलं. भिंतींवर पातळ करडा-पांढरा लेप, लाली नाही, पिशवीचं तोंड बंद. कडेचा स्राव पीएचच्या, म्हणजे आंबटपणा मोजायच्या, पट्टीवर घेतला, रंग ५.५ च्या खणाशी जुळला. निरोगी अवस्थेत तो ३.८ ते ४.५ च्या दरम्यान असतो. स्लाइडवर थोडा स्राव घेऊन १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला आणि सुकट भाजल्यासारखा वास आला. आमची सिस्टर खिडकी उघडायला उठली, मी तिला डोळ्यांनी बसवलं. पेशंट पडद्याआड असली तरी तिला आवाज ऐकू येतात.

मायक्रोस्कोप माझ्याकडे एमडीच्या दिवसांपासूनचा आहे, त्याची आरशाची बाजू थोडी डुगडुगते. त्याखाली क्लू सेल दिसल्या. ज्यांनी त्या पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी: भोगीच्या दिवशी बाजरीच्या भाकरीला तीळ लावतो, ते इतके दाट लागले की भाकरीची कड कुठे संपते ते दिसू नये, तशी ती पेशी दिसते. भाकरी म्हणजे योनीच्या त्वचेची पेशी, तीळ म्हणजे तिला चिकटलेले जीवाणू.

करडा एकसारखा स्राव, ४.५ च्या वरचा पीएच, वासाची चाचणी, आणि वीस टक्क्यांहून जास्त क्लू सेल. १९८३ साली अ‍ॅमसेल आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या या चार निकषांपैकी तीन पुरेसे असतात. तिच्यात चारही होते. तरी शेजारच्या लॅबला ग्रॅम स्टेनसाठी, म्हणजे रंग देऊन जीवाणू बघण्यासाठी, स्लाइड पाठवली. त्यावरून देतात तो न्यूजंट गुण ८ आला. ० ते ३ नॉर्मल, ४ ते ६ मधलं, ७ ते १० बीव्ही. लघवीचा कल्चर वेगळा पाठवला, कारण लक्षणं नसलेला लघवीचा संसर्गसुद्धा गरोदरपणात त्रास देतो. तो स्वच्छ आला. एचआयव्ही आणि व्हीडीआरएल (सिफिलिसची तपासणी) आधीच निगेटिव्ह होते.

ही सगळी तपासणी दहा मिनिटांची. पट्टी, एक थेंब, एक स्लाइड. यात महाग काही नाही. तरीही बहुतेक ओपीडींत ती होत नाही, माझ्याकडेसुद्धा गर्दीच्या दिवशी होत नाही. मी हे प्रामाणिकपणे लिहिते, कारण ती दारातून परत आली नसती तर त्या दिवशी माझ्या फाइलमध्येही 'तक्रार नाही' एवढंच लिहिलं गेलं असतं.

विरजण

रिक्षा बघायला गेलेल्या सासूबाई वीस मिनिटांनी आत आल्या आणि त्यांनी सरळच विचारलं, "कुठून आणलं म्हणायचं हे?"

या प्रश्नाचं उत्तर कसं दिलं जातं यावर घरातल्या पुढच्या सहा महिन्यांचं वातावरण ठरतं. म्हणून मी त्यांना बसायला सांगितलं.

"काकू, दही लावता ना घरी?"

"रोज."

"विरजण चांगलं असलं की दूध नासत नाही, दही होतं. विरजण कमी पडलं, किंवा भांड्यात साबण राहिला, तर तेच दूध बिघडतं. बाहेरून कोणी येऊन बिघडवत नाही. हे तसंच आहे."

उपमा नुसती समजुतीची नाही. योनीमार्गात राहणारे लॅक्टोबॅसिलस आणि दह्यातले जीवाणू एकाच कुळातले. १८९२ साली अल्बर्ट डोडरलाइन या जर्मन डॉक्टरांनी त्यांचं वर्णन केलं. पेशींमधल्या ग्लायकोजेनपासून ते लॅक्टिक अ‍ॅसिड बनवतात आणि जागा आंबट ठेवतात. त्या आंबटपणात बाकीच्यांचा निभाव लागत नाही. लॅक्टोबॅसिलस कमी झाले की गार्डनरेला, प्रीव्होटेला, मोबिलंकस, मायकोप्लाझ्मा अशी एरवी मूठभर असणारी मंडळी शेकडो पटींनी वाढतात. एका जंतूनं केलेला हा आजार नाही, राहणाऱ्यांचं प्रमाण उलटण्याचा आहे. लैंगिक संबंधांशी त्याचा संबंध आहे, नवा जोडीदार आला की तो अधिक दिसतो, पण ज्यांचे कधीच संबंध आलेले नाहीत अशा मुलींतही तो क्वचित सापडतो. 'कुठून आणलं' याचं उत्तर त्यामुळे एका माणसाकडे बोट दाखवून देता येत नाही.

काकूंना ते पटलं. इतकं पटलं, की दोन दिवसांनी सुनेचा फोन आला: "मॅडम, आई म्हणतात दही आतून लावलं तर?" उपमा वापरण्याचा हा धोका. नको, म्हटलं. घरच्या दह्यातला जीवाणू तिथे मुक्कामाला राहणारा नाही, आणि गरोदरपणात डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय आत काहीही घालायचं नाही. तांदळाचं धुवण प्यायला सुचवलं होतं, त्याला मी हरकत घेतली नाही. पिऊन काही बिघडत नाही, फक्त त्यानं बीव्ही जात नाही. आतून धुणं मात्र त्याच दिवसापासून बंद. बाहेरून साधं पाणी पुरेसं आहे. सुगंधी वॉशच्या बाटल्या काही कामाच्या नाहीत.

गोळ्या, आणि नवरात्र

मेट्रोनिडॅझोल ४०० मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ, सात दिवस, जेवल्यावर. औषधाला तक्रार एवढीच की तोंडाला धातूची चव येते आणि मळमळतं. गरोदरपणात ते धोक्याचं आहे ही भीती जुनी आहे. ती उंदरांना भरपूर डोस देऊन केलेल्या प्रयोगांतून आली. माणसांत बाळाला व्यंग होतं असं पुढच्या अभ्यासांत दिसलं नाही. याच वर्गातलं टिनिडॅझोल मात्र आपण गरोदरपणात टाळतो.

गोळ्या सुरू झाल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी घटस्थापना होती. तिनं नऊ दिवसांचा उपवास धरला. सासूबाई नको म्हणत होत्या, हे नंतर कळलं. पहिल्या वेळचं बाळ पेटीत गेल्यावर तिनं देवीला काहीतरी बोललेलं होतं. चहा, साबुदाणा आणि रिकाम्या पोटी मेट्रोनिडॅझोल. तिसऱ्या दिवशी उलट्या झाल्या, गोळ्या थांबल्या. वास तोवर कमी झाला होता, म्हणून मला कळवलं नाही. मी विचारलं नाही की घरी नवरात्र कसं असतं. प्रिस्क्रिप्शनवर 'जेवल्यानंतर' लिहिलं होतं, आणि जेवणच नव्हतं.

बावीस आठवड्यांना, दिवाळी उलटून गेल्यावर, वास परत आला होता. या वेळी तिनं आल्या आल्या सांगितलं. त्याच दिवशी योनीमार्गातून सोनोग्राफी करून पिशवीच्या तोंडाची लांबी मोजली: २४ मिलिमीटर. आधी तेहतिसाव्या आठवड्याला प्रसूती झालेल्या बाईत २५ च्या खालचा आकडा सावध करणारा असतो.

इथून पुढचे दोन निर्णय एकाच दिवशी झाले, आणि पुढे त्यांनीच माझा हिशेब गुंतागुंतीचा केला. बीव्हीसाठी क्लिंडामायसिन ३०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, सात दिवस. मेट्रोनिडॅझोलचं नाव काढलं तरी तिला मळमळत होतं. क्लिंडामायसिनचं क्रीमही मिळतं, पण गरोदरपणाच्या दुसऱ्या निम्म्यात ते वापरण्याबद्दल जुन्या चाचण्यांत शंका आल्या होत्या, म्हणून मी तोंडावाटे दिलं आणि जुलाब लागले तर लगेच कळवायला सांगितलं. आखूड तोंडासाठी प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाची २०० मिलिग्रॅमची कॅप्सूल, रात्री योनीमार्गात. टाक्याचाही पर्याय होता. घरात तो शब्द माहीत होता. नणंदेला पिशवीच्या तोंडाला टाका घातला होता. लांबी आणखी घटली तर टाका, तोवर दर आठवड्याला मोजायचं, असं ठरलं. पुढच्या आठवड्यात २५, त्याच्या पुढच्यात पुन्हा २५. टाका लागला नाही. गोळ्या या वेळी पूर्ण झाल्या, कारण सासूबाई घड्याळ लावून बसल्या होत्या.

बीव्ही बाळापर्यंत कसा पोचतो, हे नवऱ्यानं तेव्हा विचारलं. तो शिफ्ट बदलून आला होता. मी त्याला सांगितलं की हे जीवाणू सहसा बाळाला थेट आजारी पाडत नाहीत. त्यांची वाट वरच्या दिशेनं आहे. पिशवीच्या तोंडाशी चिकट स्रावाचं जे बूच असतं ते मऊ करणारी, पडद्यांना कमजोर करणारी विकरं ते सोडतात. जीवाणू वर चढले की पिशवीच्या आतली बाजू सुजते, शरीर कळा आणणारं प्रोस्टाग्लँडिन बनवतं, कळा येतात किंवा पाणी जातं. बाळाला जे भोगावं लागतं ते बहुतेक अपुऱ्या दिवसांचं असतं: कच्ची फुप्फुसं, पेटी, कमी वजन. आईला पाणमोटीच्या पडद्यांचा संसर्ग, आणि बाळंतपणानंतर, विशेषतः सिझेरियननंतर, पिशवीच्या अस्तराचा ताप.

"म्हणजे या गोळ्यांनी बाळ वेळेवर येईल?" तो म्हणाला.

तेव्हा मी काय उत्तर दिलं ते पुढे सांगते. हा प्रश्न नीट सोडवायला मला स्वतःला बराच वेळ लागला.

लिटमस निळा

फेब्रुवारीची सुरुवात, बत्तीस आठवडे. रात्री पावणेदोनला ड्यूटीवरच्या डॉक्टर मुलाचा फोन. "मॅडम, तुमची पेशंट आलीय. कपडे ओले झालेत. लिटमस निळा आलाय. स्टेरॉइड देऊन नवजात विभागात बेड सांगून ठेवू?"

मी गाडी काढली. सिंहगड रोडला तेव्हा उड्डाणपुलाचं काम चालू होतं. रात्री रस्ता मोकळा असतो, पण पत्र्यांमधून वळणं घेत जावं लागतं. त्या वीस मिनिटांत मी मनात एक यादी करत होते: पाणी असेल तर पीएच सातच्या वर. बीव्ही असेल तर पीएच पाच-साडेपाच-सहा. कागद दोन्हींत फसवू शकतो. रक्त असलं तरी फसवतो, वीर्य असलं तरी.

ती पलंगावर डोळे मिटून पडली होती, शेजारी सासूबाई. नवरा रात्रपाळीला, वाटेत. तिनं मला बघून एवढंच म्हटलं, "पुन्हा तेच."

स्पेक्युलम घातलं, खोकायला सांगितलं. तळाशी पाणी साठलं नव्हतं, तोंडातून येताना दिसलं नाही. जो ओलेपणा होता तो तेलकट होता. स्लाइडवर पसरून वाळू दिला. पाणमोटीचं पाणी वाळलं की मायक्रोस्कोपखाली नेच्याच्या पानासारखी नक्षी उमटते. ती उमटली नाही. सोनोग्राफीत बाळाभोवतीचं पाणी भरपूर, निर्देशांक १३. कळा नाहीत, ताप नाही, तोंड बंद.

तेल कुठून आलं? प्रोजेस्टेरॉनच्या कॅप्सूलमध्ये तेल असतं. रात्री दहाला ठेवलेली कॅप्सूल विरघळून रात्री एकला बाहेर आली होती, सोबत नेहमीचा स्राव. आणि पीएच वाढवायला जुने शेजारी, म्हणजे बीव्हीचे जीवाणू, थोडे शिल्लक होते. लॅबमध्ये न्यूजंट ५ आला, मधला.

त्या मुलाला मी रागावले नाही. तेहतिसाव्या आठवड्याचा इतिहास, ओले कपडे, निळा कागद. त्याच्या जागी मीही हेच म्हणाले असते. फक्त केसपेपरवर पहिल्या पानावर ठळक 'बीव्ही' लिहिलेलं हवं होतं, आणि ते माझ्या ओपीडीच्या फाइलमध्ये होतं, हॉस्पिटलच्या नाही. दुसऱ्या दिवसापासून माझ्या पेशंटच्या कार्डावर मी ते लाल पेनानं लिहिते.

चोवीस तास ठेवून घेतलं, घरी पाठवलं. न्यूजंट ५ आणि वासाची तक्रार नाही, म्हणून तिसऱ्यांदा औषध दिलं नाही. माझ्या सहकारी डॉक्टरांपैकी एकीनं दिलं असतं. आमचा त्यावर चहाला वाद झाला आणि तो मिटला नाही.

नवऱ्याचा प्रश्न

गोळ्यांनी बाळ वेळेवर येईल का? मी त्याला म्हटलं होतं, "गोळ्यांनी हिचा वास जाईल, त्रास जाईल. बाळाचं मी वचन देत नाही." त्याला ते आवडलं नाही. मला बोलतानाही आवडलं नव्हतं.

कारण असं. बीव्ही असलेल्या बायकांत दिवस पूर्ण होण्याआधी प्रसूती जास्त होते, हे पुष्कळ अभ्यासांत दिसलंय. १९९५ साली अमेरिकेत दहा हजारांहून अधिक गरोदर बायकांचा अभ्यास झाला. त्यात बीव्ही असलेल्यांना अपुऱ्या दिवसांचं, कमी वजनाचं बाळ होण्याची शक्यता सुमारे दीडपट निघाली. बीव्ही जितका लवकरच्या आठवड्यात, तितका धोका जास्त. मग साधा तर्क असा की शोधा आणि औषध द्या. २००० साली लक्षणं नसलेल्या १,९५३ बायकांवर तो तर्क तपासला गेला. मेट्रोनिडॅझोल मिळालेल्यांत १२.२ टक्के, औषध नसलेल्या नुसत्या गोळ्या मिळालेल्यांत १२.५ टक्के बायका लवकर बाळंत झाल्या. फरक नाहीच. फ्रान्समध्ये ८४ हजारांहून अधिक बायकांची सुरुवातीच्या महिन्यांत तपासणी करून बीव्ही असलेल्यांना क्लिंडामायसिन दिलं, २०१८ मध्ये निकाल छापला: उशिरा होणारा गर्भपात आणि फार लवकरची प्रसूती कमी झाली नाही. मधल्या काळात, २००३ मध्ये, ब्रिटनमधल्या एका चाचणीत लवकर दिलेल्या क्लिंडामायसिनचा फायदा दिसलाही होता. म्हणून आज ज्यांना लवकर प्रसूतीचा वेगळा धोका नाही आणि तक्रारही नाही, अशा सगळ्यांची तपासणी करू नका, असं अमेरिकेच्या तज्ज्ञ गटानं २०२० मध्ये सांगितलं. आधी लवकर प्रसूती झालेल्यांबद्दल, म्हणजे हिच्यासारख्यांबद्दल, पुरावा अपुरा आहे असं तोच गट म्हणतो.

जीवाणू मेले तरी प्रसूती का टळत नाही? मला पटणारं स्पष्टीकरण असं की आपण औषध देतो तेव्हा सूज बहुधा आधीच वर पोचलेली असते, किंवा बीव्ही हाच कुठल्यातरी वेगळ्या बिघाडाचा दाखला असतो. आणि बीव्ही असलेल्या बहुसंख्य बायका काहीही न होता पूर्ण दिवसांनी बाळंत होतात, हे सांगायला आपण विसरतो. पहिल्या बाळंतपणाच्या फाइलमधल्या त्या ओळीवरून 'तेव्हा तपासलं असतं तर' असं सासूबाईंनी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी सांगितलं की मला तसं म्हणता येत नाही. विचारायला हवं होतं, हे खरं. विचारलं असतं तर पाणी गेलं नसतं, हे कोणालाच सांगता येणार नाही.

मग तिला औषध का दिलं? वासानं तिची काउंटरची जागा गेली होती, म्हणून. तेवढं कारण पुरेसं आहे.

नवऱ्यालाही औषध द्यायचं का, हाही प्रश्न त्यानं स्वतःच विचारला, हे नोंदवायला हवं. त्या वेळी आम्ही देत नव्हतो. २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीत जोडीदार पुरुषालाही गोळ्या आणि क्रीम दिलं तेव्हा बारा आठवड्यांत बीव्ही परत येण्याचं प्रमाण ६३ टक्क्यांवरून ३५ टक्क्यांवर आलं. तो निकाल आधी हातात असता तर बाळंतपणानंतरचं आमचं बोलणं वेगळं झालं असतं.

प्रसूती

कॅप्सूल छत्तिसाव्या आठवड्याला बंद केली. चार दिवसांनी पहाटे कळा सुरू झाल्या. होळी अजून लांब होती. पाणी गेलं ते तोंड सात सेंटिमीटर उघडल्यावर, जिथे जायला हवं तिथेच. सकाळी साडेनऊला मुलगा झाला, सरळ, टाके दोन. वजन २,४४० ग्रॅम. रडला. दर तीन तासांनी साखर बघितली, ठीक राहिली. तिसऱ्या दिवशी कावीळ वाढली म्हणून एक दिवस निळ्या लाइटखाली ठेवलं, पण ते यंत्र तिच्याच खोलीत, पलंगाशेजारी. तिला दुसऱ्या रात्री शंभरच्या वर ताप आला तेव्हा मला पिशवीच्या संसर्गाची धास्ती वाटली. छाती दुधानं दगडासारखी झाली होती, दूध काढल्यावर उतरला.

नवऱ्यानं पेढे आणले. सासूबाईंनी सिस्टरला साडी दिली. घरच्यांच्या लेखी बाळ वेळेवर आलं होतं, पेटीत गेलं नव्हतं.

सव्वा महिन्यानं ती दाखवायला आली. तांबी (कॉपर-टी) बसवायचा विचार होता. मी थोडं थांबायला सांगितलं, कारण तांबी असलेल्यांत बीव्ही अधिक आढळतो. तूर्त निरोध. पीएच ४.५. काउंटरची जागा रजेनंतर परत मिळणार होती, त्याबद्दल ती बराच वेळ बोलली.

आमच्याकडे डिसेंबरअखेर वर्षाचे आकडे काढतात. नोंदवहीत प्रत्येक प्रसूतीपुढे दोन रकाने आहेत, पूर्ण दिवसांची आणि अपुऱ्या दिवसांची, आणि त्यापुढे वजनाचा, अडीच किलोच्या वर की खाली. रात्री दोनला फोन करणारा तोच मुलगा वही घेऊन बसला होता. तिच्या नावाशी थांबून म्हणाला, "मॅडम, ही छत्तीस आठवडे चार दिवस आहे. चोवीसशे चाळीस. तीन दिवस आणि साठ ग्रॅमनं राहिलं. अपुऱ्या दिवसांतच घ्यायची ना?"

"सदतीसच्या खाली आहे ना? मग त्यातच."

त्यानं दोन्ही खुणा केल्या आणि पुढच्या ओळीकडे वळला.